नऊ दिवसांच्या बाळाची नोंद: सात ओळींवरचं भाष्य

परिचारिका होऊ घातलेल्या मुलींची माहिती-साक्षरता मोजायची म्हटलं, की एक ठरीव कागद बाहेर निघतो. ‘मला हवी ती माहिती ग्रंथालयात शोधता येते’, ‘माहितीचा खरेखोटेपणा मला ठरवता येतो’ अशी वीस-पंचवीस विधानं आणि प्रत्येकापुढे पाच चौकोन, ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत. मुली खुणा करतात, बेरीज होते, सरासरी निघते, प्रबंधाला तक्ता मिळतो. नर्सिंगच्या मुलींचं ग्रंथालय सांभाळताना मीही असे कागद वाटले आहेत. त्यातून मुलीचा स्वतःवरचा भरवसा कळतो. तिला काय येतं ते कळत नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या डनिंग आणि क्रूगर यांनी १९९९ साली दाखवून दिलं, की ज्यांना कमी येतं तेच स्वतःला आपल्या वकुबापेक्षा फार वर धरतात. वैनगंगेच्या काठावर बसून ‘पोहता येतं का?’ विचारावं आणि ‘हो’ म्हणणाऱ्यांची टक्केवारी काढावी, तसं हे.

‘माहिती-साक्षरता’ ही संज्ञा १९७४ सालची. अमेरिकेतल्या माहिती-उद्योगाच्या संघटनेचे अध्यक्ष पॉल झुरकोवस्की यांनी ती ग्रंथालयांच्या राष्ट्रीय आयोगासाठी लिहिलेल्या अहवालात वापरली. शब्दाचं माहेर माहिती विकणाऱ्यांच्या घरी आहे, हे ध्यानात ठेवलेलं बरं. १९८९ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने तिला चार क्रियापदांत बसवलं: गरज ओळखणं, शोधणं, पारखणं, वापरणं. २०१३ मध्ये तिकडच्या महाविद्यालयीन ग्रंथपालांनी खास नर्सिंगसाठी मानकं तयार केली. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमात आरोग्य-माहितीशास्त्र हा विषय आला. हे सगळं चांगलंच आहे. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात पोस्टिंगला जाणाऱ्या मुलीला माहिती लागते ती रात्री नऊ वाजता, नेटवर्क नसताना, समोर माणूस बसलेलं असताना. तेव्हा तिच्याजवळ असतात एक नोंदवही, भिंतीवरचा एक तक्ता आणि आशाताई.

म्हणून मी कागद बदलला. एका काल्पनिक नोंदीच्या सात ओळी केल्या. मुलींनी प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहायच्या: इथे मला काय माहीत नाही, ते कुठे मिळेल, मिळालेलं खरं कशावरून. पुस्तक, मोबाईल, शेजारची मैत्रीण, सगळ्याला मुभा. पुढचं भाष्य हीच या परीक्षेची उत्तरसूची आहे.

मूळ नोंद

१. बाई, वय अंदाजे २२, भाषा माडिया. सोबत सासू, दीर आणि आशाताई.
२. बाळ घरी जन्मलं, आज नववा दिवस. वजन २.१ किलो.
३. आई सांगते, कालपासून बाळ दूध ओढत नाही.
४. बाळाचा श्वास मिनिटाला ६४.
५. आईला थंडी वाजून ताप. आरडीटी: फॅल्सिपेरम.
६. दिराच्या मोबाईलवर संदेश: ‘अशक्त बाळाला मध चाटवा, ताकद येते. – एक मोठे डॉक्टर’
७. नोंदवहीत काय लिहाल?

ओळ १

‘भाषा माडिया’. इथे शंका येते, की भाषा हा संवादकौशल्याचा विषय, तो माहिती-साक्षरतेत कशाला? समाधान असं: १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा एका भाषेचा नाही. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडे वसवलेल्या निर्वासित कुटुंबांची बंगाली, आरमोरी-वडसा पट्ट्यात झाडीबोली. ब्रह्मपुरीहून आलेली मुलगी घरी झाडी बोलते, वर्गात इंग्रजी वाचते, वॉर्डात मराठी ऐकते आणि पेशंट माडियात कण्हतो. तिने इंग्रजी लेख शोधला नाही म्हणून तिला ‘माहिती-निरक्षर’ ठरवणारी चाचणी खरं तर तिचं इंग्रजी मोजत असते. मी पाहिलेल्या बऱ्याच चाचण्यांत हा घोटाळा आहे, आणि तक्त्यात तो दिसत नाही.

‘अंदाजे’ हा या ओळीतला सर्वात प्रामाणिक शब्द. बहुतेक मुली तो खोडून नुसतं ‘२२’ लिहितात. का, विचारलं तर म्हणतात, ‘मॅडम, रकान्यात अंदाजे कसं लिहिणार?’ रकाना अरुंद आहे म्हणून शंका पुसायची, ही सवय पहिल्या वर्षालाच लागते.

या ओळीचे पूर्ण गुण एका प्रश्नाला आहेत: दुभाषी कोण, आशाताई की सासू?

ओळ २

देशभर २०११ पासून चालू असलेल्या गृहाधारित नवजात बालसेवेत आशाने घरी जन्मलेल्या बाळाला पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटायचं असतं. आज नववा दिवस. म्हणजे तीन भेटींचे कागद याआधीच भरलेले असायला हवेत, आणि ते भरणारी बाई समोर उभी आहे. गूगल उघडणाऱ्या मुलीला इथे शून्य देत नाही, पण ‘आशाताई, तुमचा फॉर्म दाखवता का?’ म्हणणारीला पुरे गुण. फॉर्म कोरा निघाला तर तीही माहितीच. पण ताईवर आवाज चढवला की पुढचा फॉर्म घरबसल्या भरलेला येतो.

‘वजन २.१ किलो’. जवळजवळ सगळ्या लिहितात, ‘जन्मवजन कमी’. अडीच किलोखालचं जन्मवजन म्हणजे कमी, हे पाठ असतं. पण ओळीत जन्मवजन आहे कुठे? हे नवव्या दिवसाचं वजन. बाळ पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतं आणि साधारण दहाव्या दिवसापर्यंत मूळ वजनावर येतं. हे बाळ २.१ वर जन्मून तिथंच आलं आहे, की २.४ वरून घसरलं आहे? दोन्हींची काळजी वेगळी. आकड्याला तारीख नसेल तर तो आकडा अर्धाच. शोधणं-पारखणं यांच्या आधी ‘जे लिहिलं आहे तेवढंच वाचणं’ असं एक पाचवं क्रियापद १९८९ च्या व्याख्येत हवं होतं असं मला वाटतं.

ओळ ३

‘आई सांगते’. खरं तर आईने माडियात काही सांगितलं, सासूने त्यात आपलं घातलं, आशाताईने मराठी केलं आणि मुलीने ‘पुअर फीडिंग’ असं इंग्रजी लिहिलं. चार तोंडं. ‘ओढत नाही’, ‘घेत नाही’, ‘आईला दूध उतरत नाही’ आणि ‘रडून सोडून देतं’ या चार गोष्टी या प्रवासात एक होतात. त्यातली ‘ओढत नाही’ ही नवजात बाळाच्या बाबतीत धोक्याची खूण. ती दिसली की दवाखान्याची गाडी बोलावायची. दूध उतरत नसेल तर आधी आईला धरून बसवायचं, बाळाची पकड बघायची.

मग खरं कशावरून? पुस्तकातून हे कळणार नाही. बाळाला आईच्या छातीशी लावा आणि बघा. संशोधक ज्याला प्राथमिक स्रोत म्हणतात तो इथे दुपट्यात गुंडाळलेला आहे. माझ्या अनुभवात या ओळीवर हुशार मुली जास्त घसरतात. त्या दुधाच्या कमतरतेवर दोन पानं उत्तम उतरवून काढतात, आणि बाळाकडे बघायचं राहतं.

‘सांगते’ या क्रियापदावर आणखी थोडं थांबायला हवं, कारण त्याची दुसरी बाजू याच जिल्ह्यात उजेडात आली. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. तक्रार सांगणाऱ्या होत्या ५५ टक्के. तपासल्यावर स्त्रीरोग निघाला ९२ टक्के स्त्रियांत. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे ‘पेशंट सांगते’ हा रकाना कितीही प्रामाणिकपणे भरला तरी खूप काही त्याच्या बाहेर राहतं, कारण अंगावर काढणं हेच बाईपण असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेलं. माहितीची गरज ओळखणं हे व्याख्येतलं पहिलं क्रियापद आपण वाचकाला लावतो. ज्याच्याकडे माहिती आहे, त्याला ती माहिती आहे हेच ठाऊक नसेल तर? या आईला कुणी विचारलं का, की बाळंत झाल्यापासून अंगावरून किती जातं?

जाता जाता: आपल्याच जिल्ह्यातल्या बायांवरचा हा अभ्यास लंडनच्या नियतकालिकात इंग्रजीत आहे. ‘तो शोधून आणा’ हा बोनस प्रश्न मी ठेवते. सापडतो, पण मुली पहिल्यांदा ‘गडचिरोली’ हे नाव शोधचौकटीत टाकतच नाहीत. आपल्या गावाबद्दल पुस्तकात काही असेल, असं त्यांना वाटलेलंच नसतं.

ओळ ४

‘६४’. सम संख्या आहे, आणि चारानेही भाग जातो. अनुभवी सिस्टर ही ओळ वाचून हसतात. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलं की सम संख्या येते, पाव मिनिट मोजून चौपट केलं की चाराने भाग जातो. ६४ खरंही असेल. पण नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही, मध्येच भराभर, मध्येच थबकून. म्हणून पूर्ण मिनिट मोजायचं, आणि ६० किंवा अधिक आला तर पुन्हा मोजायचं. दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते वर्षापर्यंत ५०, वर्ष ते पाच वर्षं ४०: या मर्यादा बहुतेक मुलींना तोंडपाठ आहेत. पण हा आकडा कोणी, किती वेळ, बाळ रडत असताना की निजलेलं असताना मोजला, हे विचारणाऱ्या विरळा.

गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ या संस्थेने न्यूमोनियावर काम सुरू केलं तेव्हा गावातल्या दायांना फार पुढचे आकडे मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी एकत्र बसवलेलं श्वासमापक करण्यात आलं. श्वासागणिक मणी सरकवायचा. वाळू आधी संपते की मणी, त्यावरून निर्णय. गावपातळीवरच्या त्या उपचारांनी बालमृत्यू घटल्याचं १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: दाईला निरक्षर म्हणून बाजूला न सारता मोजण्याची रीत बदलली. आपण मात्र मोबाईलवर सेकंदकाटा असलेल्या मुलीला ‘श्वसनदर मोजता येतो’ पुढे खूण करायला सांगतो. बाळ द्या, घड्याळ द्या, दोघींना एकाच वेळी वेगवेगळं मोजायला लावा. आकड्यांतला फरक हीच चाचणी.

ओळ ५

माहिती शिळी होते, हे या ओळीइतकं स्वच्छ कुठे दिसत नाही. महाराष्ट्रातल्या मलेरियाचा मोठा वाटा गडचिरोलीचा, म्हणून मलेरियाच्या औषधांची चूक इथे घरोघर पोहोचते. ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकांत मलेरियाला क्लोरोक्विन, एवढंच. फॅल्सिपेरम त्याला दाद देईनासा झाला आणि २०१० पासून देशाच्या धोरणात सगळ्या फॅल्सिपेरम रुग्णांना आर्टेमिसिनिन-आधारित संयुक्त औषध आलं. क्लोरोक्विन व्हायव्हॅक्ससाठी राहिलं. ज्या मुली पुस्तकाच्या पहिल्या पानामागचं मुद्रणवर्ष बघतात त्या वाचतात. बाकीच्या क्लोरोक्विन लिहितात, आणि पानाचा क्रमांकही देतात! संदर्भ दिला म्हणजे माहिती पारखली असं होत नाही. शिळ्या भातालाही ताट लागतंच.

ही झाली सोपी पायरी. पुढची अवघड आहे, आणि मुद्दाम ठेवलेली आहे. फॅल्सिपेरमला संयुक्त औषधासोबत प्रायमाक्विनचा एक डोस असतो. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या मार्गदर्शिकेत तो कोणाला द्यायचा नाही याची यादी होती: गरोदर स्त्रिया, वर्षाआतली बाळं, जी-सिक्स-पीडीची उणीव असलेले. या यादीत स्तनदा मातेचं नाव नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत मात्र सहा महिन्यांखालच्या बाळाला पाजणाऱ्या स्त्रीलाही वगळलेलं आहे. आपली बाई नऊ दिवसांच्या बाळाला पाजते. दोन्ही स्रोत अधिकृत, दोन्हींवर शिक्के, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत.

कोणी म्हणेल, औषध ठरवणं हे डॉक्टरांचं काम, विद्यार्थिनीला यात कशाला ओढता? मान्य, ठरवायचं त्यांनीच. पण स्रोत जुळत नाहीत हे त्यांच्यापर्यंत नेणार कोण? चांगलं उत्तर मला एकदाच मिळालं, ते असं: ‘एमओ सरांना दोन्ही पानं दाखवीन आणि ही बाई पाजते आहे हे आधी सांगीन, नाहीतर गोळ्या सवयीने निघतील.’ ‘सवयीने निघतील’ या शब्दांना मी वेगळा एक गुण दिला. वॉर्ड पाहिल्याशिवाय ते सुचत नाहीत.

‘आरडीटी’ म्हणजे मलेरियाच्या झटपट तपासणीची पट्टी. तिच्याबद्दल इतकंच: फॅल्सिपेरम दाखवणाऱ्या नेहमीच्या पट्टीवर जंतूचं जे प्रथिन उमटतं ते उपचारानंतरही काही आठवडे रक्तात राहतं. म्हणून ‘मागच्या महिन्यात ताप येऊन गोळ्या घेतल्या होत्या का?’ हा प्रश्न पट्टीच्या रेघेइतकाच महत्त्वाचा. पट्टीदेखील एक स्रोतच आहे, आणि तिचीही तारीख चुकू शकते.

ओळ ६

‘एक मोठे डॉक्टर’. कोण? कुठले? कोणाला, कधी सांगितलं? मध नवजाताला द्यायचा नाही, हे मुलींना ठाऊक असतं; कारण विचारलं तर निम्म्या गप्प. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात आणि वर्षाआतल्या बाळाचं आतडं त्यांना थोपवू शकत नाही. शिवाय चाटवलेल्या मधाने आईच्या दुधाची वेळ जाते. पण उत्तर बरोबर असून भागत नाही. ते कशावरून बरोबर, हे दिराला पटेल असं सांगता आलं पाहिजे. त्याच्या दृष्टीने मोबाईलवरचा डॉक्टर आणि समोरची विशीतली मुलगी यांत डॉक्टरच मोठा.

सांगोवांगीतून खरं वेगळं काढायची रीत आपल्याकडे परदेशातून आलेली नाही. विदर्भातच, ऋद्धिपूरला, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. त्यासाठी ते प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्या माणसांकडे गेले आणि जमवलेलं नागदेवाचार्यांपुढे ठेवलं. पुढच्या परंपरेत पाठ वेगळे पडले तेव्हा कोणता पाठ कोणाचा हे नावानिशी टिपलं गेलं. सातशे वर्षांपूर्वी महानुभावांनी जे केलं तेवढंच मी या ओळीत मागते. संदेशाखाली नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. असा निनावी पाठ त्यांनी पोथीत घेतला नसता.

एक सावधगिरी. ‘मोबाईलवरचं सगळं खोटं, गावातलं सगळं अंधश्रद्धा’ असं लिहिणाऱ्या मुलीला मी गुण कापते. राणी बंग यांनी ‘गोईण’ या पुस्तकात इथल्या बायांकडून झाडांबद्दलचं ज्ञान टिपून ठेवलं आहे. हीच सासू बाळाला अंगाशी घट्ट धरून निजवत असेल, तर अशक्त बाळासाठी ती ऊब योग्यच आहे. तिला तसं सांगितलं तर मधाची वाटी ती स्वतःच बाजूला ठेवेल. पारखणं म्हणजे दोन्ही बाजूंनी पारखणं.

ओळ ७

प्रश्नार्थक ओळ ही एकच. मुली तिला सर्वात सोपी समजतात आणि शेवटच्या पाच मिनिटांत उरकतात. माझ्या मते सात ओळींत हीच सर्वात वजनदार.

आतापर्यंत मुलगी माहिती घेणारी होती. इथे ती माहिती तयार करणारी होते. ती जे लिहील ते उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून तालुक्याला, जिल्ह्याला, मुंबईला जाईल आणि टक्केवारी होऊन तिच्याच पुस्तकात परत येईल. हे बाळ उद्या गेलं, तर कोणत्या रकान्यात जाईल? ‘नवजात मृत्यू’, की ‘इतर’, की कुठेच नाही? दोन श्वास घेऊन गेलेल्या बाळापुढे ‘उपजत मृत’ लिहिलं की बालमृत्यूंचा आकडा आपोआप उतरतो, आणि कुणाला जाब द्यावा लागत नाही. २००१ सालच्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक असल्याचं पुढे आणलं, तेव्हा वाद उठला तो आकड्यांवर. ते आकडे कुठल्यातरी उपकेंद्रात, कुणीतरी, शेवटच्या पाच मिनिटांत भरलेले होते.

याच्या उलटचं उदाहरणही इथलंच. ‘सर्च’च्या ३९ गावांत थोड्याफार शिकलेल्या गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं गेलं. त्या घरोघर जाऊन बाळाचं वजन, ताप, श्वास बघत, ठरलेल्या छापील कागदावर लिहीत, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करत. दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होते. तिसऱ्या वर्षी ते २५.५ वर आले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत फारसा फरक नव्हता. हेही ‘लॅन्सेट’मध्ये, १९९९ साली. त्या बायांना कुणी पाच चौकोनांचा कागद दिला असता तर ‘मला संशोधनपर माहिती वापरता येते’ यापुढे त्यांनी बहुधा ‘असहमत’वर खूण केली असती. आणि देशाचं धोरण बदलणारी माहिती त्यांच्याच हातची होती.

तेव्हा सातव्या ओळीचं उत्तर मला असं लागतं: वेळ आणि तारीख, वजन, पण ‘नवव्या दिवशी’ असं लिहून, श्वास दोनदा मोजलेला, दोन्ही आकडे, ‘ओढत नाही’ हे स्वतः पाहून लिहिलं की ऐकून, ते, दुभाषी कोण होतं, पाठवलं कुठे, किती वाजता, आणि जे कळलं नाही त्यापुढे ‘माहीत नाही’ हे दोन शब्द. रकान्यात मावत नसेल तर समासात. मुलींना मी सांगते, समास त्यासाठीच असतो.

ही सात ओळींची नोंद कोणत्याही नर्सिंगच्या ट्युटरने खुशाल उचलावी. फक्त सिरोंच्याला ती तेलुगू बोलणाऱ्या बाईची करावी, मुलचेऱ्याला बंगाली बोलणारीची, राजुऱ्याकडे खाणीतल्या मजुराच्या घरची. आणि उत्तरं तपासायला ग्रंथपालाकडे देऊ नयेत. वॉर्डात वीस वर्षं काढलेल्या सिस्टरकडे द्यावीत. माझ्या सूचीतल्या दोन चुका अशाच एका सिस्टरनी काढल्या होत्या, त्या दुरुस्त करूनच हे लिहिलं आहे.